फिरती हद्द

जेटीवरून आलेला दगड थेट माझ्या होडीच्या टपावर पडला, तेव्हा पुण्याच्या एका बाईंनी विचारलं, "ताई, इथे माकडं आहेत का हो?"

"आहेत ना," मी म्हटलं. "ती काय, जेटीवर उभी आहेत."

बाईंनी वळून पाहिलं. जेटीवर बारा-पंधरा माणसं उभी होती, सगळी आमच्या आंबेसड्याची, निम्मी माझी नातलग. त्यांतलं कुणीही माझा दोर सोडायला पुढे आलं नव्हतं. आमच्या बंदराची रीत अशी, की होडी कुणाचीही असो, सुटताना आणि लागताना जेटीवर जो उभा असेल त्याने तिचा दोर हातात घ्यायचा. वैर्‍याचाही घ्यायचा. माझा दोर गेली चार वर्षं कुणी धरला नव्हता. मी स्वतः जेटीवर उडी मारायची, दोर सोडायचा आणि होडी लांब जायच्या आत परत उडी मारायची. छत्तिसाव्या वर्षी हे करताना गुडघे बोलतात. बोलू देत.

दुसरा दगड पाण्यात पडला. मी इंजिनाचा वेग वाढवला.

आमची फेरी ठरलेली. आंबेसड्याच्या सड्याखालून काळ्या कातळाला धरून दक्षिणेला जायचं. पहिल्या वळणावर सुरूच्या झाडावर समुद्री गरुडाचं घरटं, तिथे पाच मिनिटं. मग पुढच्या कोंडीत, कातळाने वेढलेल्या खोल पाण्यात, गादे, म्हणजे डॉल्फिन. ते श्वास घ्यायला वर आले की पाहुणे इतके ओरडतात, की गादे बिचारे खाली जातात. शेवटी निवतीच्या दीपगृहाकडचे खडक, तिथल्या गुहांत पाकोळ्यांची घरटी. परतताना नशीब असेल तर कासव, आणि नशीब नसेल तर समुद्रसाप. पाहुण्यांना समुद्रसाप जास्त आवडतो. घरी जाऊन सांगता येतं.

पण आताशा लोक यासाठी येत नसत. ते येत पेटीसाठी.

पेटी माझ्या सुकाणूशेजारी होती, शिवणयंत्राएवढी. तिची नळी होडीच्या तळातून पाण्यात गेलेली. पाण्यातला प्रत्येक जीव जाता जाता काहीतरी मागे टाकतोच. कातडीचा कपटा, अंगाचा बुळबुळीतपणा, विष्ठा. त्या प्रत्येक कणात त्याच्या डीएनएचा धागा असतो आणि तो दीड-दोन दिवस पाण्यात टिकतो. पेटी दर दहा मिनिटांनी तांब्याभर पाणी ओढायची, गाळायची, सापडलेल्या धाग्यांचे तुकडे वाचायची आणि आपल्याजवळच्या चार हजार जिवांच्या यादीशी ताडून बघायची. तुकडा अगदी लहान असला तरी तिला पुरायचा. रानात पावलांचे ठसे बघून वाघ गेला असं सांगतात, तसं ही पाण्यात सांगायची.

पाच वर्षांपूर्वी ही पेटी आली आणि तिच्याबरोबर कायदा आला. संरक्षित जिवाचा माग लागला, की त्या जागेभोवती तीन किलोमीटर समुद्र तीन दिवस मासेमारीला बंद. कागद नाही, नोटीस नाही. सगळ्या मासेमारी होड्यांची इंजिनं उपग्रहाला जोडलेली. होडी हद्दीत शिरली की इंजिन आपोआप मंदावतं आणि जाळं ओढायचं यंत्र बंद पडतं. हीच फिरती हद्द.

त्या दिवशी खडकांपाशी पाहुण्यांना फोटो काढायला म्हणून मी वेग कमी केला आणि पेटी वाजली. पडद्यावर निळं चित्र उमटलं. अंगभर पांढरे ठिपके, तोंड घरच्या दरवाजाएवढं.

"व्हेल शार्क!" पाहुणे एकदम उठले.

आमचे लोक त्याला बहिरी म्हणतात. जगातला सगळ्यात मोठा मासा, आणि सगळ्यात गरीब. दात आहेत पण चावत नाही, बारीकसारीक जीव पाण्याबरोबर गिळतो. पाच वर्षांत माझ्या पेटीने त्याचा माग चारशेच्या वर वेळा काढला होता. प्रत्यक्ष बहिरी मात्र मी एकदाही पाहिला नव्हता. पाहुण्यांना त्याचं काही वाटत नसे. पेटी त्यांच्या फोनवर प्रमाणपत्र पाठवायची, 'आपण व्हेल शार्कच्या सहवासात होता'. ते खूश, मी खूश.

आणि अर्ध्या किलोमीटरवर एक हिरवी होडी जाळं ओढता ओढता जागच्या जागी मंदावली. तिच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, एक माणूस उभा राहिला आणि माझ्याकडे बघत राहिला. तो माझा सख्खा मोठा भाऊ, महेंद्र खोबरेकर. सगळं गाव त्याला बाबल म्हणतं, मी दादा.

वार्‍यावरून त्याचा आवाज आला. "समुद्र काय तुझ्या बापाशीचो?"

मग तो गप्प झाला. बाप एकच होता ना.

खोटं कशाला बोलू, पहिल्या वर्षी त्याची होडी अशी अडकली तेव्हा मला बरं वाटलं होतं. मनापासून बरं वाटलं होतं. अप्पा गेले तेव्हा दादाने घर घेतलं, मोठी होडी घेतली, जाळी घेतली, आणि मला म्हणाला, "हर्षदा, तू अप्पांची जुनी होडी घे. तशीय तू काय मासे मारतलंस?" वीस वर्षं वाळूवर पडलेली लाकडी होडी. लोकांना वाटलं मी ती सरपणाला विकेन. मी तिला विजेचं इंजिन बसवलं, टप घातला, परवाना काढला. मग सरकारच्या सागरी जीव केंद्राचे होडेकर साहेब पेटी घेऊन आले आणि माझी होडी या पट्ट्यातली पहिली माग-होडी झाली. आणि पेटीला माग लागायचे तेही नेमके दादाच्या जाग्यांवर. खडकांपाशी, कोंडीत, मोठ्या वळणावर. मला वाटायचं, देव बघतोय.

देव नव्हता बघत. जिथे मासा जास्त तिथे गादे जास्त, पक्षी जास्त, म्हणून मी तिथेच वेग कमी करायची. एवढं साधं होतं. पण ते कळायला मला पाच वर्षं लागली.

या पाच वर्षांत बंदर माझ्याविरुद्ध गेलं. माझ्या होडीतल्या जॅकेटांत कुणी सडका बांगडा भरून ठेवला. वहिनीने माझ्या तोंडावर दार लावून घेतलं. बाजारात मला मासळी मिळेना. गाबिताच्या पोरीला आंबेसड्याच्या बाजारात मासळी मिळत नाही, यापेक्षा मोठी शिवी आमच्यात नाही. मी डाळ-भात खात राहिले आणि फेर्‍या मारत राहिले. मी काही गरीब गाय नाही.

एकच दिवस असा होता, की त्या दिवशी दादा माझ्या होडीपाशी यायचा. नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी. होडी पहिल्यांदा ज्याने पाण्यात लोटली, त्याच्या मोठ्या मुलाने दर वर्षी तिला तेल लावायचं, ही आमच्या घराण्याची रीत. होडी पुढे कुणाकडे का जाईना. दादा सकाळी अप्पांचं पितळी भगुलं घेऊन यायचा. माझ्याकडे बघायचा नाही. नारळाचं सोडण तेलात बुडवून नाळेपासून मागपर्यंत, तळाच्या प्रत्येक फळीला, प्रत्येक सांध्याला तेल चोळायचा. दोन तास. घामाने भिजायचा. मी शेडच्या कोपर्‍यात उभी राहून बघत राहायची. मग तो फळीवर एकदा हात ठेवायचा आणि जायचा. वर्षभर माझ्या नावाने बोटं मोडणारा माणूस असं निगुतीने तेल का लावतो, हे मी कधी विचारलं नाही आणि त्याने कधी सांगितलं नाही.

त्या वर्षी बातमी आली, की आंबेसडा ते निवती हा पट्टा कायमचा बंद होणार. फिरती हद्द नाही, कायम हद्द. बहिरीचा एवढा माग सगळ्या किनार्‍यावर कुठेच नव्हता. शुक्रवारी मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये सुनावणी. होडेकर साहेबांचा फोन आला. "हर्षदाताई, तुमच्याच नोंदींवर हे उभं आहे. तुम्ही येऊन दोन शब्द बोला." म्हणजे तिथून पुढे या पाण्यात होडी चालली तर ती माझी एकटीची. आणि दादाच्या होडीने नांगर टाकायचा तो कायमचा.

सुनावणीच्या चार दिवस आधी जेटीवर इतके दगड यायला लागले, की मी पाहुण्यांना समुद्राऐवजी खाडीत नेलं. खाडीत मी कधी फेरी मारत नसे. दोन्ही बाजूंनी कांदळवन, चिखलात मगर ऊन खात पडलेली, ऊदमांजरांचं एक कुटुंब काठावर मासा वाटून खात होतं, म्हणजे खरं तर भांडत होतं. पाहुणे खूश झाले. आम्ही सहा किलोमीटर आत गेलो, पुलाखाली. तिथे पाणी गोडं आणि कमरेएवढं. काठावर म्हशी डुंबत होत्या.

आणि पेटी वाजली. ठिपक्यांचा मासा.

"ताई, इथे?" नाशिकच्या एका गृहस्थांनी चष्मा पुसला. "म्हशींच्या मागे असेल का?"

सगळे हसले. फोन वाजले, प्रमाणपत्रं आली, टाळ्या झाल्या. समुद्रातला बहिरी गोड्या पाण्यात येत नाही. मी होडी तिथूनच वळवली.

पाहुण्यांना सोडून मी होडी वाळूवर ओढली आणि तळाशी जाऊन आडवी झाले. नळीचं तोंड होतं त्याच्या चार बोटं पुढे फळी उन्हाने तापली होती आणि तिच्यातून तेल पाझरत होतं. वास लहानपणापासूनचा, अप्पांच्या अंगाचा. मी नाक लावलं आणि अप्पांची गोष्ट आठवली. मी जन्मायच्या आधीची. रापणीच्या जाळ्यात बहिरी आला होता. सगळ्या गावाने ओढून काढला. त्याचं नुसतं काळीज, म्हणजे यकृत, बैलगाडीतून आणलं आणि तीन दिवस काहिलीत उकळलं. पुढच्या वर्षी बहिरी मारायला बंदी आली. पण तेल होतं ते होतंच, दोन मोठ्या बरण्या. गाळलेलं नाही, तळाशी काळजाचा गाळ तसाच. दर वर्षी त्यातलं वाटीभर साध्या तेलात ढवळून लावायचं, म्हणजे लाकडाला किडा लागत नाही. अप्पांनंतर त्या बरण्या दादाकडे गेल्या.

मी एक फडका फळीवर घासला, बादलीभर विहिरीच्या पाण्यात पिळला आणि नळी बादलीत सोडली. दहा मिनिटं थांबले. पेटी वाजली.

बहिरी माझ्या होडीतच होता. मी वेग कमी करायची, फळ्यांतून सुटलेलं तेल मागे वाहून न जाता नळीपाशी रेंगाळायचं, आणि पेटीला ते तिथल्या तिथे मिळायचं. पेटी बसवली तेव्हा होडेकरांनी होडीच्या लाकडाचीही तपासणी केली होती, पण ती मे महिन्यात. वर्षभराच्या खार्‍या पाण्याने फळ्या तेव्हा कोरड्या झालेल्या. तेल लागलं त्यानंतर, नारळी पुनवेला. पाच वर्षं दादाने स्वतःच्या हाताने स्वतःचा समुद्र बंद केला होता, आणि मी ते यंत्र चालवत होते.

मी हसले आधी. मग बादलीशेजारी बसून रडले. मला माझाच इतका राग आला, की बादलीला लाथ मारली आणि अंगठा सुजवून घेतला.

संध्याकाळी दादाच्या अंगणात गेले. तो जाळं विणत होता.

"दादा, माका तुका कायतरी सांगूचा आसा."

त्याने मान वर केली नाही. कुत्र्याला म्हणाला, "वाघ्या, हंय कोण बोलता काय? माका कोण दिसना नाय."

"दादा, होडयेच्या तेलाचा..."

"त्या होडयेचा नाव तुझ्या तोंडातून काढू नको!" तो उठला. हातात जाळं विणायची सुई होती. "अप्पांच्या होडयेवर बसान तू आमची पोटां मारलंस. शुक्रवारी सगळा संपतला. जा, नाच!"

वहिनीने आतून दिवा बंद केला. मी परत आले.

दोन दिवस विचार केला. गप्प राहिले तर दादा संपतो. बोलले तर माझा परवाना जातो, होडी जाते. आणि बहिरीचं तेल घरात ठेवणं हाच गुन्हा. ते लावलं कुणी, हा प्रश्न पहिला येणार. मग मी ठरवलं.

शुक्रवारी हॉल खचाखच भरला होता. मी आत शिरले तशी कुणीतरी पायरीवर थुंकलं. होडेकर साहेबांनी मला पुढे बोलावलं. मी माईक हातात घेतला.

"समुद्रात बहिरीचा माग नाही," मी म्हटलं. "तो माझ्या होडीच्या तळाला आहे. आमच्याकडे जुनं तेल होतं. मी ते दर वर्षी होडीला लावलं. माझी चूक. एकही नोंद खरी धरू नका. हवं तर आत्ता चला आणि तपासा."

होडेकरांनी विचारलं, "तुम्ही लावलंत?"

"मी. एकटीने."

मागे खुर्ची पडल्याचा आवाज आला. दादा उभा राहिला होता. चेहरा लाल.

"खोटा बोलता ता!" तो ओरडला. "माझ्या बापाशीच्या होडयेक बायलमाणसाचो हात लागलो नाय! तेल मिया लावलंय. दर वर्साक मीच लावतंय. मोठ्या झिलाचा काम ता. हिका तेल लावूक येता तरी काय? सांध्यात तेल कसा भरतत, ता इचारा तिका!"

"दादा, बस खाली," मी म्हटलं.

"कित्या बसू? आता होडयेचो मानय घेतलंस माझो? बरणी माझ्या घरात आसा, भगुला माझ्या घरात आसा. येवा, बघा!"

 होडेकर साहेबांनी पेन टोपणात घातलं आणि हळूच विचारलं, "महेंद्रराव, तुम्ही काय बोलताय ते तुम्हाला कळतंय ना?"

तेव्हा त्याला कळलं. मी त्याच्या चेहर्‍यावर ते उमटताना पाहिलं. तेल, होडी, पेटी, पाच वर्षं. तो सावकाश खाली बसला आणि स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिला.

तपासणी झाली. होडेकरांनी तीच पेटी दुसर्‍या होडीवर लावून चार दिवस सगळा पट्टा फिरवला. गादे सापडले, कासवं सापडली. बहिरीचा एक धागा सापडला नाही. कायम हद्द रद्द झाली. माझा परवानाही रद्द. पेटी गेली, इंजिन गेलं. बरण्या जप्त झाल्या, दोघांवर खटला लागला. आणि होडी पुरावा म्हणून वेंगुर्ल्याला जमा करायची. तिला इंजिन नव्हतं. दादाने आपल्या होडीने ओढत न्यावी, असा हुकूम आला.

सोमवारी सकाळी आम्ही निघालो. पुढे त्याची हिरवी होडी, मध्ये लांब दोर, मागे अप्पांच्या होडीत सुकाणू धरून मी. दोर त्याने बांधला, गाठ तपासली, माझ्याशी एक शब्द बोलला नाही. गावाचा समुद्र मोकळा झाला होता म्हणून माझा बहिष्कार उठला, असं कुणाला वाटत असेल तर त्यांना आंबेसडा माहीत नाही. उलट आता दोन कारणं झाली होती. समुद्र बंद केला हे एक, आणि तोही खोट्या मागावर हे दुसरं. जेटीवरून एक बाई म्हणालीच, "पाच वर्सां खाल्लंस गो आमची."

सुरूच्या झाडावरचा गरुड तसाच बसला होता. कोंडीत गादे वर आले. ओरडायला कुणी नव्हतं, म्हणून बराच वेळ आमच्या बाजूने पोहत राहिले. खडक मागे पडले. दादाच्या इंजिनावरचा दिवा हिरवा होता, म्हणजे पुढचा सगळा समुद्र त्याचा.

मग मला पाण्याचा रंग बदललेला दिसला. आधी वाटलं ढगाची सावली. पण सावलीवर ठिपके होते.

तो दादाच्या होडीच्या मागून, दोराखालून, अगदी सावकाश वर येत होता. दोन्हींपैकी एकही होडी त्याच्याएवढी नव्हती. तोंड उघडं, पुढे बारीक माशांचा थवा, कडेने पाणी आत ओढलं जात होतं. तो वळला आणि दादाच्या होडीच्या पाण्यातल्या पंख्याकडेच निघाला. घाई काही नाही. त्याला काय माहीत, पंखा म्हणजे काय.

मी ओरडायला तोंड उघडलं.

इंजिन बंद झालं.

कुठलीही हद्द नव्हती. उपग्रहाला काही ठाऊक नव्हतं, दिवा हिरवाच होता. दादाने स्वतःच्या हाताने इंजिन बंद केलं होतं आणि तो वाकून पाण्यात बघत होता. दोर सैल पडला. बहिरी पंख्याजवळून निघून माझ्या होडीखाली आला. त्याची पाठ तळाच्या फळ्यांना घासत गेली, आणि ते मला पायांना कळलं. त्याच फळ्या, त्याच्याच कुणाचं तरी तेल प्यालेल्या. मला त्याची लाज वाटली. मग त्याने शेपटी एकदा हलवली आणि तो खाली गेला.

 दादाने पाच वर्षांत पहिल्यांदा मला सरळ प्रश्न विचारला.

"बघलंस?"

"बघलंय."

"सांगशीत?"

 "इचारल्यानी तर सांगान."

 तो थुंकला, इंजिनाची दोरी हातात घेतली आणि म्हणाला, "तुका कोण इचारतलो आता?"

इंजिन सुरू झालं. दोर ताठ झाला. वेंगुर्ल्याच्या जेटीवर लागताना मी सवयीने उडी मारायला निघाले, तर तो आधीच वर उभा होता. माझा दोर त्याने हातात घेतला, खुंटाला दोन वेढे दिले आणि मागे वळून न बघता कचेरीकडे चालायला लागला.

या गोष्टीला सात वर्षं झाली. मला अजून कुणी विचारलेलं नाही. तुम्ही वाचताय म्हणून सांगितलं. मासा खरा होता, आणि त्या दिवशी त्याला वाचवलं ते माझ्या भावाने. नेमकी जागा मात्र सांगणार नाही.